एकच सांग: ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉकच्या मागच्या बाकावरून आवडता अल्बम कसा निवडावा

गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावर मावसभावाने मला पेचात पकडलं. "ताई, पिंक फ्लॉइड नको, येस नको, जेनेसिस नको. त्यांच्या मागच्या बाकावर बसलेल्यांपैकी तुझा आवडता अल्बम सांग. एकच." मी चकली मोडत मोडत सात नावं घेतली. तो म्हणाला, "मी मेन्यूकार्ड नव्हतं मागितलं."

बोचलं, कारण खरं होतं. वीसेक वर्षं हे संगीत, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांचं ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक, ऐकतेय, पण बरंचसं तुकड्यातुकड्यांत. इथलं एक गाणं, तिथला एक सोलो. मुळापासून शेंड्यापर्यंत ओळखीचा म्हणावा असा अल्बम विचारला तर मी गप्प. मग पुढचे तीन महिने मी ठरवून सात अल्बम ऐकले आणि सहा बाजूला काढले. त्या खटाटोपात जी रीत हाताला लागली ती इथे मांडते आहे. नावं तुम्ही तुमची घ्या, रीत हवी तर माझी वापरा.

सुरुवातीलाच एक फरक करून टाकू. सर्वांत चांगला अल्बम कोणता, यावर चार जाणकार बसून वाद घालू शकतात आणि त्यांचं एकमतही होऊ शकतं. आवडत्याचं तसं नाही. तो तुम्हाला एकट्यालाच ठरवायचा असतो, आणि माझा अनुभव असा की तो समोरून उचलता येत नाही. बाकीचे गळत जातात आणि तो मागे उरतो. म्हणून ही सगळी रीत निवडण्यापेक्षा वगळण्याची आहे.

पहिली पायरी: कुंपण घाला

कुंपण नसेल तर यादी संपतच नाही. मी काळ घेतला १९६९ ते १९७७. १९६९च्या ऑक्टोबरात किंग क्रिमसनचा पहिला अल्बम आला आणि रॉकमध्ये इतकं काही मावू शकतं हे सगळ्यांना दिसलं. १९७७पर्यंत पंकची, म्हणजे छोट्या, साध्या, दणदणीत गाण्यांच्या रॉकची लाट आली होती आणि वीस मिनिटांच्या रचना करणाऱ्यांची टिंगल सुरू झाली होती. मधल्या आठ-नऊ वर्षांत इंग्लंडमध्ये जे झालं ते आजही चक्रावून टाकतं. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांना तरुण पोरांना नेमकं काय आवडतंय याचा पत्ता नव्हता, म्हणून त्यांनी आपल्या छत्राखाली लहान लहान लेबलं उघडली. डेक्काचं डेरम आधीपासून होतंच. फिलिप्सने व्हर्टिगो काढलं, ईएमआयने हार्वेस्ट, पायने डॉन, आरसीएने निऑन. केस वाढवलेल्या, ऑर्गन वाजवणाऱ्या कुणालाही स्टुडिओ मिळत होता असं वाटावं, इतक्या रेकॉर्डी निघाल्या. पुष्कळशा कुणी घेतल्या नाहीत. आपला विषय त्यांच्यात आहे.

कुंपणाबाहेर कोण? पिंक फ्लॉइड, येस, जेनेसिस, किंग क्रिमसन, इमर्सन लेक अँड पामर आणि जेथ्रो टल. हे सहा जण पहिल्या बाकावरचे. मात्र त्यांच्या मागेही मजले आहेत, हे लक्षात ठेवा. जेंटल जायंट, व्हॅन डर ग्राफ जनरेटर, कॅरव्हॅन ही नावं या संगीताच्या प्रत्येक चाहत्याला पाठ असतात, पण त्या वर्तुळाबाहेर पाऊल टाकलं की कुणी ओळखत नाही. त्यांच्याखाली हॅटफिल्ड अँड द नॉर्थ, ग्रिफन, एग, ग्रीनस्लेड. आणि तळघरात स्प्रिंगसारखे बँड, ज्यांची एकच रेकॉर्ड आली आणि खेळ आटोपला. यादीत प्रत्येक मजल्यावरचं कुणीतरी हवं. सगळेच तळघरातले घेतलेत तर तुम्ही संगीत ऐकत नसून दुर्मीळपणा ऐकत आहात.

कॅमल या बँडचा 'द स्नो गूज' मी मुद्दाम बाहेर ठेवला. तो मला आधीपासून तोंडपाठ आहे. कोणता घोडा जिंकणार हे ठाऊक असताना शर्यत कशाला लावायची? तुमचाही असा एखादा असेल, तर त्याला मानाने प्रेक्षकांत बसवा.

दुसरी पायरी: सात नावं, आठवं नाही

सात हा आकडा काही पवित्र नाही. पण आठवड्याला एक अल्बम धरला तर पहिली फेरी सात आठवड्यांत होते, आणि त्याहून लांबवलं तर सुरुवातीचं विसरायला होतं. माझी यादी अशी होती.

जेंटल जायंटचा 'ऑक्टोपस', १९७२. शुल्मन आडनावाचे तीन भाऊ आणि रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकलेला केरी मिनियर. हे शुल्मन बंधू आधी सायमन डुप्री अँड द बिग साउंड नावाच्या पॉप बँडमध्ये होते, १९६७ साली त्यांचं 'काइट्स' हे गाणं चांगलं गाजलंही होतं. ते सोडून त्यांनी हे अवघड काम हाती घेतलं. 'ऑक्टोपस'मध्ये आठच रचना आहेत (नावातही आठ ओपस असा शब्दखेळ आहे) आणि सगळा अल्बम जेमतेम ३४ मिनिटांचा. लांबलचक रचनांच्या त्या काळात एवढा आटोपशीरपणा म्हणजे नवलच.

व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा 'पॉन हार्ट्स', १९७१. तीनच रचना. त्यातली शेवटची, दीपस्तंभावरच्या एकट्या रखवालदाराची, दहा भागांची आणि २३ मिनिटांची. गिटार जवळजवळ नाहीच, पाहुणा म्हणून किंग क्रिमसनचा रॉबर्ट फ्रिप येऊन थोडी वाजवून जातो. ऑर्गन, सॅक्सोफोन, ड्रम्स आणि पीटर हॅमिलचा कुजबुजीतून किंकाळीत जाणारा आवाज. मायदेशात फारसं कुणी विचारलं नाही, इटलीत मात्र हा अल्बम क्रमांक १वर गेला. इटालियन लोकांना ऑपेराची सवय असल्यामुळे असेल, असा माझा आपला तर्क.

कॅरव्हॅनचा 'इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक', १९७१. केंट परगण्यातल्या कँटरबरी गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घराण्याचा हा सर्वांत गोड नमुना. घराणं हा शब्द मी जाणूनबुजून वापरतेय. थोडीच माणसं आलटून पालटून एकमेकांच्या बँडमध्ये वाजवत राहिली आणि त्यातून एक ढंग तयार झाला. पहिलंच गाणं गोल्फच्या मैदानावर चहा विकणाऱ्या मुलीचं. दुसरी बाजू मात्र संपूर्ण एकाच रचनेला दिलेली, २२ मिनिटांहून मोठी.

हॅटफिल्ड अँड द नॉर्थचा 'द रॉटर्स क्लब', १९७५. बँडचं नाव लंडनहून उत्तरेकडे निघालेल्या रस्त्यावरच्या पाटीवरून उचललेलं. आपल्याकडे एखाद्या बँडने 'खोपोली आणि पुढे' असं नाव घ्यावं, तसं. कॅरव्हॅनमधला रिचर्ड सिंक्लेअर इथे गातो आणि बास वाजवतो. शोधताना एक सूचना: जोनाथन को या लेखकाने २००१ साली याच नावाची कादंबरी लिहिली, त्यामुळे शोधलं की आधी ती समोर येते. आणि इथला कीबोर्डवाला डेव्ह स्ट्युअर्ट म्हणजे युरिद्‌मिक्स या पॉप जोडीतला डेव्ह स्ट्युअर्ट नव्हे, ही दोन वेगळी माणसं.

ग्रिफनचा 'रेड क्वीन टू ग्रिफन थ्री', १९७४. शब्द नाहीत, फक्त वाद्यं. बुद्धिबळाच्या डावावर बेतलेल्या चार रचना, पहिली 'ओपनिंग मूव्ह', शेवटची 'चेकमेट'. रिचर्ड हार्वे आणि ब्रायन गलंड रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधून आलेले, आणि त्यांच्या हातात बासून (खर्जातलं लांब फुंकवाद्य) आणि क्रमहॉर्न. क्रमहॉर्न हे युरोपातलं जुनं, खालून छत्रीच्या दांड्यासारखं वळलेलं वाद्य. सनईसारखीच त्यालाही दुहेरी पत्ती असते, पण ती टोपणाखाली झाकलेली, वाजवणाऱ्याचे ओठ तिला लागत नाहीत. त्यामुळे मिंड, लाडिकपणा काही नाही, नुसता सरळ गुणगुणता आवाज. भुंगा मोठा होऊन शिकायला गेला तर असा बोलेल.

स्प्रिंगचा 'स्प्रिंग', १९७१. लेस्टरची पोरं, वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत रेकॉर्डिंग, निर्माता गस डजन. बँडमध्ये तिघं जण मेलोट्रॉन (टेपवर चालणारं कीबोर्ड, त्याच्याबद्दल पुढे) वाजवायचे! ड्रम्सवर पिक विदर्स, जो पुढे डायर स्ट्रेट्स या गाजलेल्या बँडमध्ये गेला. म्हणजे याचा ठेका तुम्ही त्यांच्या 'सुल्तान्स ऑफ स्विंग'मध्ये ऐकलेला आहे, फक्त माणूस ओळखीचा नाही.

सातवा, ईस्ट ऑफ ईडनचा 'मर्केटर प्रोजेक्टेड', १९६९. हा यादीत आला तो थेट अहमदनगरमार्गे (आताचं अहिल्यानगर). द हू या बँडचं 'बाबा ओ'रायली' हे १९७१चं गाणं बहुतेकांनी ऐकलं असेल. त्यातले बाबा म्हणजे नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा. त्या गाण्याच्या शेवटी जे व्हायोलिन बेभान नाचत सुटतं, ते वाजवणारा डेव्ह आर्बस हा ईस्ट ऑफ ईडनचा. त्याचा माग काढत मी या अल्बमपर्यंत पोचले.

गोव्याशी दुवा हवा असेल तर क्विंटेसन्स पाहा. लंडनच्या नॉटिंग हिलमधला, रॉकमध्ये भजनं मिसळणारा बँड. त्यातला बासरीवाला राजा राम पुढे गोवा ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताच्या जगातलं मोठं नाव झाला. पण तो आठवा झाला असता, आणि आठवं नाव घ्यायचं नाही असं मीच म्हणून बसले होते.

यादी करताना दोन सापळे. पहिला किमतीचा. व्हर्टिगोच्या काळ्यापांढऱ्या भोवऱ्याच्या लेबलाच्या मूळ प्रती संग्राहक मोठ्या भावाने घेतात. भाव छापलेल्या प्रतींच्या संख्येवर ठरतो, त्यात चालीला मार्क नसतात. विसरलेल्या अल्बमांपैकी बरेचसे योग्य कारणासाठी विसरले गेलेत, हे पाचपन्नास ऐकल्यावर मान्य करावं लागतं. दुसरा सापळा मुखपृष्ठाचा, आणि त्यात मी स्वतः पडले. 'ऑक्टोपस'ची जुनी रेकॉर्ड एका विक्रेत्याकडून मागवली, ब्रिटिश प्रत म्हणून. मनात रॉजर डीनने रंगवलेला तो प्रचंड ऑक्टोपस. पाकीट फोडलं तर काचेच्या बरणीत कोंबलेला वेगळाच ऑक्टोपस! ती अमेरिकन आवृत्ती, तिचं मुखपृष्ठच निराळं. आतलं संगीत तेच, तरी दोन दिवस मला ते ऐकवेना. चित्राने कानावर केवढा ताबा मिळवलेला असतो ते त्या दिवशी कळलं. तेव्हापासून पहिल्या फेरीत मी मुखपृष्ठ पाहत नाही. फोन पालथा.

तिसरी पायरी: कान तयार करा

इथे मराठी श्रोत्याचा थोडा फायदा आहे आणि थोडा तोटा.

फायदा तालाचा. पाश्चात्त्य रॉक ऐकणाऱ्याला चारची इतकी सवय असते की सात मात्रा आल्या की तो ठेचकाळतो. आपण रूपक ऐकत मोठे झालो, झपतालाच्या दहा मात्रा हाताने दाखवू शकतो. एग या बँडने १९६९ साली 'सेव्हन इज अ जॉली गुड टाइम' नावाचं गाणंच काढलं, सात मात्रांची मजा सांगणारं. आपल्याला त्यात जगावेगळं काही वाटत नाही. तेव्हा ऐकताना हात मांडीवर ठेवा आणि टाळी-खाली करत मोजा. मात्र एक मेख आहे. आपल्याकडे सम परत येते, तिच्या भरवशावर माणूस कितीही लांब भटकून येतो. इथे चार ओळी झाल्या की मात्राच बदलतात आणि तुमची सम हवेत राहते. ती सापडत नाही म्हणून चिडू नका. दोनदा मोजून पाहा, नाही जमलं तर हात सोडा आणि ड्रम्सवाल्याच्या मागे चालत राहा.

तोटा सुरावटीचा. आपला कान एका चालीच्या मागे जायला शिकलेला. गायकामागे पेटी चालते ती त्याच चालीची सावली असते. पाश्चात्त्य संगीतात, आणि जेंटल जायंटमध्ये तर फारच, तीन-चार चाली एकाच वेळी आपापल्या वाटेने चालतात. कुणीच कुणाची सावली नाही. त्याला काउंटरपॉइंट म्हणतात. पहिल्यांदा हे ऐकलं की चार जण एकदम बोलतायत असं वाटतं.

'ऑक्टोपस'मधल्या 'नॉट्स'वर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. नाव गाठी या अर्थाचं, आणि मानसोपचारतज्ज्ञ आर. डी. लँग यांच्या त्याच नावाच्या पुस्तकातून सुचलेलं. सुरुवातीला वाद्य नाही. एक आवाज दोनतीन शब्द टाकतो, दुसरा त्याचं शेपूट उचलतो, तिसरा मध्येच घुसतो. अर्थ लागायच्या आत वाक्य चौघांत वाटलं गेलेलं असतं. मी आधी डाव्या कानात हेडफोन ठेवून डाव्या बाजूचा एकच आवाज धरला. त्याच्या ओळी तुटक आणि मध्ये भोकं. मग उजवा. तिथेही भोकं. मग दोन्ही कानांनी ऐकलं, आणि एकाची भोकं दुसऱ्याने भरलेली दिसली. लोकरीच्या विणकामात उलट सुलट टाके असतात ना, तसं. त्यानंतर ते गाणं मला कधी गोंगाट वाटलं नाही. प्रेमात पडले असं म्हणणार नाही, पण गोंगाट नाही.

मेलोट्रॉन ओळखायला शिका, या काळाचा सगळा धुकट रंग त्याचा आहे. बर्मिंगहॅमकडे तयार झालेलं हे कीबोर्ड. प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय टेपची एक एक पट्टी, तिच्यावर खरं व्हायोलिन किंवा बासरी किंवा वृंदगान आधीच रेकॉर्ड केलेलं. बोट दाबलं की टेप सरकते आणि वाजते, सोडलं की स्प्रिंग तिला मागे खेचते. टेप जेमतेम आठेक सेकंदांची. म्हणजे सूर त्यापुढे धरताच येत नाही, वादकाला बोट उचलून परत दाबावंच लागतं. शिवाय टेप जराशी डळमळते, त्यामुळे सूरही डळमळतो. मेलोट्रॉनचं व्हायोलिन खऱ्या व्हायोलिनसारखं वाटत नाही, कुणाला तरी आठवत असलेल्या व्हायोलिनसारखं वाटतं. स्प्रिंगमध्ये तिघं मिळून हे करतात तेव्हा पहिली दहा मिनिटं अंगावर काटा येतो. पुढच्या तीसांबद्दल खाली बोलू.

आणखी एक लहानशी युक्ती. कॅरव्हॅनच्या त्या लांब रचनेत तुम्हाला जी गुरगुरणारी गिटार ऐकू येईल, ती बहुतेक ठिकाणी गिटार नाहीच. डेव्ह सिंक्लेअर आपला ऑर्गन फझमधून, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या यंत्रातून, फिरवून वाजवतोय. हे कळलं की तोच अल्बम नव्याने सुरू होतो.

चौथी पायरी: बसून ऐका, बाजूबाजूने

हे अल्बम तबकडीसाठी रचलेले आहेत. एका बाजूला साधारण २० ते २५ मिनिटं मावायची, मग उठून तबकडी उलटायची. ते उठणं रचनेचा भाग होतं. फोनवर ऐकताना ते नाहीसं होतं आणि ४० मिनिटांचा एकच लांबोडा गोळा कानात जातो. म्हणून पहिली बाजू संपली की थांबवा. उठा, पाणी प्या, खिडकीतून खाली बघा, मग दुसरी. पहिली बाजू कुठे संपते हे अल्बमच्या गाण्यांच्या मूळ यादीत मिळतं. 'ऑक्टोपस'मध्ये ती बरोबर 'नॉट्स'नंतर संपते, आणि दुसरी बाजू जमिनीवर गरगरणाऱ्या नाण्याच्या आवाजाने उघडते. मध्ये थांबला नाहीत तर त्या नाण्याची गंमत जाते.

फोनच्या सेटिंगमध्ये शफल बंद करा. एक गाणं विरत असताना दुसरं सुरू करणारी सोय असते तीही बंद. 'द रॉटर्स क्लब'च्या पहिल्या बाजूला छोटे तुकडे एकमेकांत न थांबता शिरतात, तिथे या सोयीने वाट लागते.

नव्या आवृत्त्यांत शेवटी जादा गाणी जोडलेली असतात. पहिल्या फेरीत ती वर्ज्य. अल्बम कुठे संपतो हे त्या माणसांनी ठरवलं होतं, त्यांचा शेवट त्यांना द्या. 'पॉन हार्ट्स'च्या अमेरिकन आवृत्तीत तर दोन रचनांच्या मध्ये 'थीम वन' नावाचा वेगळाच तुकडा घुसवला होता, ती टाळून तीन रचनांची ब्रिटिश मांडणी ऐका. स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने मूळ रेकॉर्डिंगवरून नव्याने केलेली मिश्रणंही (रीमिक्स) मिळतात, कॅरव्हॅनचं २०११चं आणि 'ऑक्टोपस'चं २०१५चं. ती स्वच्छ आहेत, 'नॉट्स'चे आवाज सुटे करायला उत्तमच. तरी आधी जुनं, मग नवं. जुनं घर न बघता रंगकामाचं कौतुक कसं करणार?

प्रत्येक अल्बम तीनदा ऐकायचा. पहिल्यांदा काहीही न करता. दुसऱ्यांदा दोन दिवसांनी, वही घेऊन. तिसऱ्यांदा कामात, भाजी निवडताना किंवा प्रवासात. तिसरं ऐकणं सर्वांत खरं. समोर बसून आपण शहाण्यासारखे ऐकतो, गवारीच्या शिरा काढताना हात कुठे थांबतो तिथे आपली आवड असते.

वहीत गुण देऊ नका. मी पहिल्या आठवड्यात दहापैकी गुण दिले आणि सगळ्यांना साडेसात पडले. त्याऐवजी तीनच गोष्टी लिहायला लागले: कुठे मान वर झाली, कुठे घड्याळ पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय आठवलं. मिनिट-सेकंदासकट. 'पॉन हार्ट्स'च्या पानावर माझी नोंद आहे: "रात्री अकरानंतर नको."

पाचवी पायरी: चाळण

सात आठवडे झाले की वही उघडा आणि निर्दय व्हा.

'मर्केटर प्रोजेक्टेड' पहिला गेला. व्हायोलिन शिरतं तिथे तो पेटतो, नाहीतर त्या वर्षीच्या ब्लूजवाल्या कुठल्याही बँडसारखा वाटतो. ज्या दुव्यामुळे तो आला तो दुवा मला अजून आवडतो, पण दुवा म्हणजे अल्बम नव्हे.

मग स्प्रिंग. वहीत तीन ठिकाणी घड्याळ पाहिल्याची नोंद. सगळीकडे तोच धुकट रंग असेल तर धुक्याचीही सवय होते. वाईट वाटलं, कारण जगाने हरवलेल्या बँडला मी शोधून काढलं हे सांगण्याचा मोह मोठा असतो. तो मोह ओळखायची एक कसोटी: हा अल्बम सगळ्यांना माहीत असता तरी मी तो इतक्या प्रेमाने ऐकला असता का? स्प्रिंगला माझं उत्तर नाही असं आलं.

ग्रिफनने मला पेचात टाकलं. त्यात दोष काढायला जागा नाही, 'लॅमेंट'मधली बासूनची चाल तर अप्रतिम आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय आठवलं या रकान्यात तीनही वेळा काहीच नव्हतं. शब्द नसल्यामुळे असेल. मी शब्दांना धरून आठवणारी आहे, तुम्ही नसाल तर हा तुमचा जिंकेलही.

'पॉन हार्ट्स'. सातांत सर्वांत मोठं काम हेच, हे मी आजही म्हणेन. कुणी सर्वांत चांगला कोणता विचारलं तर हेच नाव सांगेन. पण रखवालदाराच्या त्या २३ मिनिटांनंतर घरात कुणाशी बोलवत नाही. वर्षातून एकदा पाहावं अशा नाटकासारखा तो आहे. आवडता आणि चांगला यांच्यातला फरक मला नेमका इथे दिसला.

कॅरव्हॅन गेला तो अगदी थोडक्यात. पहिली बाजू लोभस आहे, दुसरीचा शेवट दणदणीत. मधली आठेक मिनिटं मी दर वेळी चहा टाकायला उठले. अल्बमचं पहिलं गाणंही चहावालीचं, तेव्हा तिने मनावर घेतलं नसेल.

सहावी पायरी: दोघांना गप्प करा

दोन उरले, 'ऑक्टोपस' आणि 'द रॉटर्स क्लब'. इथे बहुतेक जण दोन्ही परत परत लावून तुलना करतात. त्याने काही होत नाही, जो शेवटी लावला तो जिंकतो. उलट करा. पंधरा दिवस दोन्ही बंद. गाण्याचा तुकडासुद्धा नाही. आणि वाट पाहा कोण स्वतःहून येतं.

'ऑक्टोपस' विचारांतून आला. एकदा मैत्रिणीला काउंटरपॉइंट समजावताना 'नॉट्स' आठवलं, एकदा 'थिंक ऑफ मी विथ काइंडनेस'मधला पियानो. दोन्ही वेळा मी त्याला बोलावलं होतं.

दुसऱ्याला बोलवावं लागलं नाही. सहाव्या दिवशी तांदूळ धुताना, भांड्यात बुडबुडे येत असताना, मी नकळत ओठांनी बुडबुड करत होते. 'फिटर स्टोक हॅज अ बाथ' या गाण्यात रिचर्ड सिंक्लेअर हेच करतो, गाता गाता शब्द सोडून पाण्याखाली गेल्यासारखे आवाज काढू लागतो. इतक्या हुशार वादकांच्या बँडमध्ये, इतक्या अवघड सुरावटींच्या मध्ये, एक माणूस निवांतपणे अंघोळ करतोय. कसलाही आव नाही. त्याच्या आवाजात इंग्रजी मध्यमवर्गातला तो किंचित लाजरा, सभ्य विनोद आहे, आणि त्याच्याखाली चालणारा बास मात्र क्षणभर सोपा होत नाही. दहाव्या दिवशी 'डिडन्ट मॅटर एनीवे'मधली बासरी आली, रिक्षात, सिग्नलला. पंधरावा दिवस येईतो निकाल लागलेला होता.

हा निकाल कायमचा आहे का? पाच वर्षांनी परत फेरी लावीन. वही ठेवली आहे.

भावाला फोन केला. "हॅटफिल्ड अँड द नॉर्थ, द रॉटर्स क्लब."

"हे कोण आता?"

"हायवेवरची पाटी आहे. ऐक आधी."

"किती वेळ लागेल?"

"चाळीसेक मिनिटं. आणि 'डिडन्ट मॅटर एनीवे' संपलं की थांबव. उठ, पाणी पी, मग पुढचं लाव."

"पाणी कशाला प्यायचं, ताई?"

"पी म्हटलं ना."